स्वदेशी वेध, स्वदेशी नियतकालिक

शास्त्रीय शोधाचे आयुष्य दोन टप्प्यांत जाते. पहिल्या टप्प्यात संशोधक वेध घेतो, मोजमापे करतो व त्यांवरून काही निष्कर्ष काढतो. दुसऱ्या टप्प्यात तो ते निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपाने लिहून काढतो, जाणकार परीक्षकांच्या तपासणीस लावतो आणि एखाद्या नियतकालिकात छापून जगाच्या स्वाधीन करतो. यांपैकी पहिल्या टप्प्याविषयी आपल्या शाळांतून व सार्वजनिक ग्रंथालयांतून पुष्कळ सांगितले जाते. दुर्बिणींची चित्रे भिंतीवर लागतात. उपग्रहाचे उड्डाण मुले टाळ्या वाजवून पाहतात. दुसऱ्या टप्प्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. निबंध कोठे छापला जातो, तो कोणाच्या हाती पडतो, छपाईचा खर्च कोण सोसतो, हे प्रश्न शास्त्रज्ञांनी आपापसांत मिटवावेत असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. आपल्या देशातील वेधशाळा बहुतांशी जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. तेव्हा तेथे झालेल्या कामाची नोंद कोठे राहते, हे विचारण्याचा अधिकार जनतेला आहे, आणि ते विचारणे तिचे कर्तव्यही आहे.

या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करू. ‘जर्नल ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमी’ हे खगोलभौतिकीचे नियतकालिक बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने १९८० साली सुरू केले. ही अकादमी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली स्थापिली. देशातील खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाचे, स्वतःचे ‘बुलेटिन’ १९७३ पासून निघत असे. ते २०१४ नंतर थांबले आणि संघटनेने अकादमीच्या नियतकालिकाला साथ दिली. दोन लहान दिव्यांची वात एकाच समईत घालावी तसे हे झाले. आता प्रश्न असा, की या समईत तेल कोणी घालावयाचे? माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. हे नियतकालिक घराचा माळा आहे, अशा समजुतीने आपण त्याच्याशी वागत आलो आहोत; ती आपली बैठक व्हावयास हवी.

दोन शिवाजीनगरे

हे लिखाण बंगळूरच्या शिवाजीनगरात होत आहे. येथील रसेल मार्केटच्या गजबजाटातून बाहेर पडून वायव्येस चार-एक किलोमीटर गेले की सदाशिवनगर लागते. रामन यांची अकादमी व त्यांनीच उभारलेली रामन संशोधन संस्था तेथे एकाच आवारात आहेत. दक्षिणेस कोरमंगलात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. पण महाराष्ट्रातील वाचकाला शिवाजीनगर म्हटले की पुण्याचे शिवाजीनगर आठवते, आणि तेही या विषयाला अनोळखी नाही. आज पुण्याच्या त्या भागात जे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ते एकोणिसाव्या शतकात ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखले जाई. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्या महाविद्यालयात १८८८ साली वेधशाळा उभी राहिली आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालविली. २० इंच व्यासाच्या आरशाची तेथील दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवालांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली व तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची वेधशाळा आज बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. अशा रीतीने एका शिवाजीनगरातील दुर्बीण दुसऱ्या शिवाजीनगराच्या शेजाऱ्यांकडे पोचली.

नायगमवालांना आपले काम जगापुढे मांडावयाचे तर लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकाचा आधार घ्यावा लागे. विजापूर-बागलकोटच्या परिसरात शिक्षकी करणारे वेंकटेश बापूजी केतकर यांनी नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयी गणित मांडले. ते १९११ साली छापून आले फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत. या थोर पुरुषांनी परदेशी छापले म्हणून त्यांना कोणी नावे ठेवणार नाही. त्यांना घरी जागाच नव्हती. आज ती जागा आहे.

छपाईचा खर्च

जागा नसली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मेघनाद साहा यांचे आहे. प्रारणाचा, म्हणजे प्रकाशाचा, दाब अणूंवर निवडक रीतीने पडतो या कल्पनेवर त्यांनी १९१७ साली एक दीर्घ निबंध लिहिला आणि अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठविला. संपादकांचे उत्तर आले, की छपाईच्या खर्चाचा भार लेखकाने उचलावा. कलकत्त्यातील तरुण अध्यापकाला ते शक्य नव्हते. त्या नियतकालिकात १९१९ साली या विषयावरील एक लहानसे टिपण तेवढे आले. मूळ निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान विभागाच्या नियतकालिकात छापला गेला आणि फार थोड्यांच्या वाचनात आला. पुढे १९२० साली आयनीभवनाविषयीच्या निबंधाने साहांचे नाव जगभर झाले, पण हा जुना सल त्यांच्या मनातून गेला नव्हता.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता आली असती. परंतु चक्र फिरून पुन्हा तेथेच आलेले दिसते. पूर्वी नियतकालिकाचा खर्च वर्गणीदार ग्रंथालये सोसत; अलीकडे वाचन सर्वांस खुले करावे या चांगल्या हेतूने तो खर्च लेखकाकडून घेण्याची पद्धत पडत आहे. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ व त्याची भावंडे २०२२ पासून, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे १८२७ पासून चालत आलेले मासिक २०२४ पासून, पूर्णपणे खुली झाली. या मासिकात एका निबंधासाठी लेखकाला द्यावे लागणारे शुल्क दोन हजार पौंडांहून अधिक आहे. सवलतीची सोय आहे, मोठ्या संस्थांना हा भार पेलतोही. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात ताऱ्यांच्या प्रकाशातील फेरफार मोजणाऱ्या प्राध्यापकाने काय करावे? अकादमीचे नियतकालिक छपाईसाठी लेखकापुढे हात पसरत नाही, आणि त्याचे जुने अंक कोणासही विनामूल्य वाचता येतात. लेखक आणि वाचक या दोघांनाही दार उघडे ठेवणारी अशी ठिकाणे आता जगात थोडीच उरली आहेत. ती टिकविण्यासारखी आहेत.

पानांतून दिसणारे आकाश

या नियतकालिकाचे अंक वर्षानुक्रमाने मांडून पाहिले तर देशातील खगोलविज्ञानाची वाढ पायरी-पायरीने दिसते. आरंभीच्या काळात निबंधावर एक-दोन नावे असत. सूर्याचे वर्णपट, ताऱ्यांचे तेज, स्पंदतारे म्हणजे ठरावीक तालाने रेडिओ लहरी पाठविणारे तारे, गुरुत्वाकर्षणाचे सिद्धान्त असे विषय त्यांत आढळतात. कागद आणि गणित यांवर भिस्त अधिक, कारण मोठी उपकरणे थोडी होती. पुढे कावलूर येथे २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण आली. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसली आणि ती बंगळूरजवळच्या होसकोटे येथून चालविली जाऊ लागली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. उपकरणे वाढली तसे विषय वाढले आणि लेखकांची नावेही वाढली. एकट्याने लिहिलेल्या निबंधाच्या जागी आता दहा-वीस जणांचा, क्वचित त्याहून मोठा संघ दिसतो. अलीकडे मोजमापांचे डोंगर उपसण्यासाठी संगणकालाच शिकविण्याच्या पद्धतींवरही निबंध येतात.

दुसरा बदल विशेषांकांचा. २०१६ च्या अखेरीस ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीत भारतीयांनी कोणते प्रश्न हाती घ्यावेत यावर एक अंक निघाला. ‘ॲस्ट्रोसॅट’ हा आपला खगोलीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. त्याच्यावरील अतिनील (जंबुपार) दुर्बीण, मृदू क्ष-किरणांची दुर्बीण आणि क्ष-किरणांचे इतर शोधक यांचे सविस्तर वर्णन २०१७ च्या जूनमध्ये याच पानांत आले. ही उपकरणे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका, बंगळूरची खगोलभौतिकी संस्था आणि इस्रो यांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टाचे फळ होते. आरसा कसा घासला, शोधकाचे तापमान कसे राखले, अवकाशात गेल्यावर मोजमापात किती फरक पडला, अशा गोष्टी तेथे बारकाईने नोंदलेल्या आहेत. ज्याला या उपग्रहाचे वेध वापरावयाचे आहेत, तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला असला तरी त्याला या पानांशी यावे लागते.

बारसे घरी, लग्न परदेशी

येथपर्यंत चित्र समाधानकारक आहे. आता दुसरी बाजू पाहावी. याच ‘ॲस्ट्रोसॅट’च्या अतिनील दुर्बिणीने सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील एका दीर्घिकेतून येणारे अति-ऊर्जावान किरण टिपले. आयुकातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेला हा शोध २०२० साली प्रसिद्ध झाला तो ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या लंडनच्या नियतकालिकात. खोडदच्या दुर्बिणीची मूळ योजना १९९१ साली आणि तिच्या सुधारित रूपाचे वर्णन २०१७ साली बंगळूरच्याच ‘करंट सायन्स’ या पत्रिकेत छापले गेले. पण त्याच दुर्बिणीच्या साहाय्याने स्पंदताऱ्यांच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय तरंगांची चाहूल लागली, तेव्हा युरोपीय सहकाऱ्यांसह लिहिलेले ते निबंध २०२३ साली ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात आले.

या दोन उदाहरणांत एक रीत दिसते. यंत्राचे बारसे घरी होते, त्याचे लग्न परदेशी लागते. यात कोणाचाही देशद्रोह नाही. तरुण संशोधकाला नोकरी हवी असते, बढती हवी असते, अनुदान हवे असते. आणि हे सर्व ठरविणाऱ्या समित्या निबंध कोठे छापला हे आधी पाहतात, निबंधात काय आहे हे मागाहून. त्यासाठी ‘प्रभावांक’ नावाचा एक आकडा वापरला जातो. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा उल्लेख पुढील वर्षी सरासरी किती वेळा झाला, हे तो सांगतो. नियतकालिकांची निवड करण्यास असा आकडा उपयोगी पडेल. परंतु त्यावरून एकेका निबंधाची किंमत ठरविणे म्हणजे विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका न उघडता त्याच्या शाळेच्या निकालाची टक्केवारी पाहून त्याला गुण देणे होय. कोणत्या शिक्षकाला हे पटेल? या गैरवापराविरुद्ध २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे शास्त्रज्ञांनी व संपादकांनी एक जाहीरनामाही काढला आहे. तरीही सवय सुटत नाही.

याचा परिणाम साखळीसारखा होतो. चांगले निबंध बाहेर गेले की घरच्या नियतकालिकाचा अंक खाली येतो. अंक खाली आला की आणखी चांगले निबंध बाहेर जातात. आणि निबंधांबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर जाते. कोणता प्रश्न महत्त्वाचा, कोणता पुरावा पुरेसा, कोणता दावा उतावळा, हे ठरविण्याची शक्ती संपादक व परीक्षक यांच्या हाती असते. ही शक्ती सरावाने येते. ज्या देशाचे संशोधक सदैव दुसऱ्याच्या परीक्षेस बसतात आणि स्वतः परीक्षा घेण्याचे काम दुय्यम मानतात, त्या देशाला उपकरणे मिळतील, पण न्यायबुद्धीची परंपरा मिळणे कठीण.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे सुबुद्ध वाचक विचारील, की विज्ञानाला देश असतो काय? तारा सर्वांचा, तर त्याची बातमी जेथे सर्वाधिक लोक वाचतील तेथेच द्यावी. शिवाय स्वदेशीच्या नावाखाली कच्च्या निबंधांना आसरा देणारे नियतकालिक असण्यापेक्षा नसलेले बरे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा उत्तरार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. परीक्षणात सूट देऊन मिळविलेली भर ही सूजच होय, पुष्टी नव्हे.

पूर्वार्धाला मात्र इतिहास उत्तर देतो. रामन यांनी १९२८ च्या मार्चमध्ये आपल्या नव्या शोधावर पूर्ण व्याख्यान दिले ते याच बंगळूर शहरात, साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढे. ते छापले कलकत्त्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ने. त्याच सुमारास इंग्लंडच्या ‘नेचर’मध्ये एक लहानसे पत्र गेले. घरी सविस्तर निबंध आणि बाहेर संक्षिप्त वार्ता, अशी ही वाटणी होती, आणि दोनच वर्षांनी मिळालेल्या नोबेल पारितोषिकाला तिने काही बाध आणला नाही. त्याही आधी, १९०९ साली, कोडाईकनालच्या जॉन एव्हरशेड यांनी सौर डागांतील वायूंचा बाहेर वाहणारा प्रवाह शोधला. तोही वेधशाळेच्या स्वतःच्या पत्रिकेत आणि लंडनच्या मासिकात असा दोन्हीकडे नोंदला गेला.

ज्या परदेशी नियतकालिकांकडे आपण मान उंचावून पाहतो, तीही आभाळातून पडलेली नाहीत. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ १८९५ साली निघाले तेव्हा ते शिकागो विद्यापीठाचे पत्र होते. त्याला आजचे रूप आले ते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षे संपादकपदावर केलेल्या अथक कामामुळे. म्हणजे जगातील एका अग्रगण्य नियतकालिकाची घडण लाहोरला जन्मलेल्या आणि मद्रासला शिकलेल्या माणसाच्या हातून झाली. ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ हे तर १९६९ साली फ्रान्स, जर्मनी व हॉलंड यांतील अनेक लहान राष्ट्रीय पत्रिकांनी आपापली नावे पुसून एकत्र येण्यातून जन्मले. तेथील शास्त्रज्ञांनी आपले उत्तम निबंध त्या नव्या, अद्याप नाव नसलेल्या ठिकाणी देण्याचे धैर्य दाखविले, म्हणून ते नावारूपास आले. प्रतिष्ठा आधी आणि उत्तम निबंध नंतर, असा क्रम जगात कोठेच घडलेला नाही.

काय करता येईल

यावर उपाय सक्तीचा नसावा. संशोधकाला अमुक ठिकाणीच छाप म्हणून सांगणे विज्ञानाच्या प्रकृतीला मानवणारे नाही. तीन गोष्टी मात्र सहज करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट समित्यांनी करावयाची. नेमणूक किंवा अनुदान ठरविताना उमेदवाराचे निवडक तीन-चार निबंध मागवावेत आणि ते वाचावेत. वाचनाला वेळ लागतो हे खरे. पण संशोधनाला त्याहून अधिक वेळ लागलेला असतो.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी करावयाची. ज्याची बढती अजून व्हावयाची आहे त्या तरुणाकडून त्यागाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. ज्यांचे नाव झालेले आहे, त्यांनी आपल्या उत्तम निबंधांपैकी काही घरच्या नियतकालिकास द्यावेत आणि परीक्षणाचे काम मान म्हणून स्वीकारावे. आपल्या उपकरणांच्या नोंदी व दीर्घकालीन वेध यांना तर तेथे पहिले स्थान असावे. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. अशा शतकभराच्या साठ्याचे मोल दोन वर्षांच्या सरासरीत मावणारे नाही.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्या भाषांतरकारांची आणि या पुस्तिकेच्या वाचकांची आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून सुमारे १३,००० परदेशी व देशी नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना व केंद्राच्या संशोधन संस्थांना २०२५ पासून खुली झाली आहेत. गावातील सार्वजनिक ग्रंथालय आणि माध्यमिक शाळा या योजनेच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी एवढे तरी व्हावे, की घरच्या नियतकालिकातील प्रत्येक निबंधासोबत एक पानाचा सारांश मराठी, कन्नड व इतर भारतीय भाषांत तयार व्हावा. दीर्घिका, श्वेतबटू, कृष्णविवर, तेजोमेघ हे शब्द मराठीत केव्हाच रुळले आहेत; नवे शब्द वापराने रुळतील. असा सारांश लिहिण्यास भाषेचा जाणकार आणि विषयाचा जाणकार यांना एकत्र बसावे लागेल, आणि त्या बैठकीत दोघेही काही शिकतील याबद्दल अनुभवाने खात्री देतो.

शाळेतील शिक्षकांना एक विनंती. वर्गात कधी ‘ॲस्ट्रोसॅट’चा किंवा खोडदच्या दुर्बिणीचा विषय निघाला, तर मुलांना अकादमीच्या संकेतस्थळावरील एखादा जुना अंक उघडून दाखवावा. त्यातील गणित त्यांना समजणार नाही, न समजो. निबंधाच्या माथ्यावरची नावे, संस्थांचे पत्ते, आलेखाखालची टीप आणि शेवटी मानलेले आभार त्यांना वाचू द्यावे. त्या पत्त्यांत पुणे दिसेल, मुंबई दिसेल, बंगळूर दिसेल. शोध लावणारी माणसे आपल्याच गावांतून जातात-येतात आणि आपल्याच देशात लिहून ठेवतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे, आपणही पुढे तेथे काही लिहावे, अशी इच्छा वर्गातल्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या मनात रुजेल. त्यांचा निबंध तयार होईल तेव्हा तो छापण्यास योग्य असे घर येथे उभे असावे, ही जबाबदारी आजच्या पिढीची आहे.